क्या बोल्या?

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत वाद निघाला. आमच्या उर्दू शाळेत नव्याने लागलेल्या गणिताच्या सरांनी मोबाईलवर एक तुकडा दाखवला. ‘फ्रेंड्स’ या अमेरिकन मालिकेतला प्रसंग होता आणि कोणीतरी त्यातला हशा पुसून टाकला होता. नट एक वाक्य बोलतो आणि थांबतो. समोरची माणसे त्याच्याकडे नुसती बघत राहतात. मग दुसरे वाक्य, पुन्हा तीच शांतता. घरात कोणाची तरी मय्यत झाली आहे आणि ते अजून कोणी कोणाला सांगितलेले नाही, असे वाटावे. गणिताचे सर म्हणाले, “पाहा, यात विनोद नव्हताच. सगळी करामत त्या हशाची होती.” उर्दूच्या बाजींनी लगेच दुजोरा दिला. ज्या मालिकेला हसवण्यासाठी टेप वाजवावी लागते ती विनोदी कसली, असे त्यांचे म्हणणे. पतरस बुखारींचे पुस्तक उघडल्यावर आतून कोणी हसत नाही, तरी वाचणाऱ्याला हसू आवरत नाही.

मुद्दा बिनतोड होता. आम्ही एवढेच म्हणालो की ‘फ्रेंड्स’चे चित्रण, १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे, समोर प्रेक्षक बसवून होत असे. हसणे ओसरेपर्यंत नटांना थांबावे लागे. ते थांबणे तसेच ठेवून हसणे तेवढे काढून घेतले, तर दोष नटांचा कसा? मुशायऱ्याच्या कॅसेटमधून ‘वाह वाह’ आणि ‘मुकर्रर’ पुसून टाका आणि मग शायराकडे बघा. हात वर करून तोच मिसरा तीन-तीनदा हवेला ऐकवणारा एक माणूस दिसेल. एवढे बोलेपर्यंत घंटा झाली आणि वाद अर्धाच राहिला. तो इथे पुरा करतो आहोत.

‘आम्ही’ म्हणजे आम्ही एकटेच. घरात ‘हम’ म्हणण्याची सवय, ती मराठी लिहितानाही सुटत नाही. पुढे एका ठिकाणी ‘मी’ म्हणायला हवे होते आणि तिथेही आम्ही ‘आम्ही’च म्हटले आहे. वाचकांनी ते ओळखून घ्यावे.

आमचे बालपण उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या एका बॅरेकमध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करासाठी छावणी उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे आणून ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. ज्यांचे घरदार गेले त्यांच्या गावाच्या नावात उल्हास. पण नाव चिकटले आणि लोकांनी ते वागवलेही. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बॅरेकी. त्यांत आधी गोणपाटाचे पडदे लागले, मग विटांच्या पडद्या आल्या आणि एकेका बॅरेकीत आठ-दहा बिऱ्हाडे बसली. आम्ही सिंधी नव्हे. अब्बा खानदेशातून कामाच्या शोधात आले आणि लालचक्कीपासून चालत दहा मिनिटांवर अशीच एक खोली त्यांनी भाड्याने घेतली. पडदी दीड पुरुष उंच. त्यावर पत्र्यापर्यंत सगळे मोकळे. वरून मांजर, फोडणीचा वास, भांडण आणि हसणे असे सगळेच ये-जा करीत असे.

१९९४ साली दूरदर्शनवर ‘श्रीमान श्रीमती’ सुरू झाले तेव्हा आम्ही पहिलीत असू. जतीन कनाकियांनी केलेला केशव कुलकर्णी, रीमा लागूंची कोकी, अर्चना पूरणसिंग आणि राकेश बेदी. पुढच्या वर्षी केबलवर ‘हम पांच’ आले. त्यात आपले अशोक सराफ पाच मुलींचे बाप आणि भिंतीवरच्या तसबिरीतून बोलणारी दिवंगत पहिली बायको प्रिया तेंडुलकर. दोन्ही मालिकांत वाक्यागणिक टेपवरचा हशा पिकायचा. आमच्या बॅरेकीत सहा टीव्ही होते. सहाही टीव्हींवर एकच मालिका, त्यामुळे तो हशा एका वेळी सहा ठिकाणांहून उठायचा, पडद्यांवरून उड्या मारत यायचा आणि अर्ध्या क्षणाने मागून माणसांचे खरे हसणे यायचे. आधी टेप, मग माणसे. मधला तो अर्धा क्षण आम्हाला अजून ऐकू येतो.

या सगळ्यात अब्बा नव्हते. म्हणजे खोलीतच होते, पण शिलाई मशीनवर. कॅम्प ५ च्या जीन्सवाल्यांकडून कापलेला माल घरी आणायचा, नगावर शिवून द्यायचा. डेनिमचे जाड कापड, चार-चार पदर, मोटार लावलेले मशीन. त्या खडखडाटात संवाद ऐकू येणे शक्यच नव्हते. ऐकू यायचा तो फक्त हशा. सहा टीव्हींचा हशा एकदम उठला की अब्बांचा पाय पायडलवरून आपोआप उठायचा, मशीन थांबायचे आणि मान वर करून ते विचारायचे,

“क्या बोल्या?”

हशा विनोदाच्या नंतर येतो. त्यामुळे अब्बा दर वेळी पोहोचायचे ते विनोद होऊन गेल्यावर. मग अम्मी त्यांना सांगायची. ती पोळ्या लाटता लाटता ऐकत असायची, त्यामुळे अर्धे तिचेही निसटलेले असायचे. तेवढे ती पदरचे घालायची. कोकी हात कसे नाचवते ते लाटणे धरून दाखवायची. केशव कुलकर्णीला ती ‘वो अपना कुलकर्णी’ म्हणायची, जणू काही तो मराठा सेक्शनमध्ये राहणारा आमचा ओळखीचा होता. टीव्हीवरचा विनोद कितीही फुसका असो, अम्मीच्या तोंडून तो ऐकण्यासारखा व्हायचा. अब्बा हसायचे, आम्ही दुसऱ्यांदा हसायचो. पडदीपलीकडून सिंधी दादी ओरडायची, “अडे, अब क्या हुआ?” तोवर टीव्हीवरचे पुढचे दोन विनोद वाया गेलेले असायचे. त्याचे कोणाला काही वाटत नसे.

हा हशा येतो कुठून, हे आम्ही पुष्कळ नंतर वाचले. १९५० मध्ये अमेरिकेत ‘द हँक मॅक्यून शो’ नावाच्या मालिकेत पहिल्यांदा असे बाहेरचे हसणे चिकटवले गेले, असे मानतात. पण त्याचा खरा कारागीर चार्ल्स डग्लस. सीबीएस वाहिनीतला हा ध्वनी-अभियंता. समोर बसलेले प्रेक्षक नको तिथे हसतात आणि हवे तिथे हसत नाहीत, ही त्याची अडचण. १९५३च्या सुमारास त्याने एक पेटी बनवली. आत टेपची वेटोळी, वर टाइपरायटरसारखी बटणे. एक बटण दाबले की बाईचे खुदकन हसणे, दुसऱ्यावर पुरुषाचे गडगडाटी, तिसऱ्यावर पोरांचे फिदीफिदी. हसणे किती वेळ चालवायचे ते ठरवायला खाली पायाचे पायडल. मूकाभिनयाच्या प्रयोगात मिळालेले हसणे त्याला विशेष सोयीचे पडे, कारण त्यात संवाद मिसळलेला नसे. पेटीला कुलूप असायचे. डग्लस ती ढकलत स्टुडिओत आणायचा, मालिका बघत बघत दोन्ही हात आणि एक पाय चालवून हसणे भरायचा आणि पेटी घेऊन निघून जायचा. वर्षानुवर्षे अमेरिकेतल्या मालिकांचे हसणे या एका माणसाच्या हातापायाखालून निघाले. २००३ मध्ये तो वारला. त्याच्या टेपवर हसलेली कित्येक माणसे त्याच्याही आधी गेली असणार. त्यांचे हसणे मात्र नोकरीला राहिले.

हे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे अब्बांचे मशीन आले. तेही बसून, हात आणि पाय एकदम चालवून. फक्त डग्लसने पायडल दाबले की हशा सुरू व्हायचा आणि हशा सुरू झाला की अब्बांचे पायडल थांबायचे.

उल्हासनगरच्या माणसाला नकली मालाचे सोवळे नसते. आमच्या गावाची सगळ्यात जुनी थट्टा म्हणजे ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. परगावचे पाहुणे ती आम्हाला दर वेळी नव्याने ऐकवतात आणि आम्ही दर वेळी नव्याने हसतो. ते हसणेही डग्लसच्या पेटीतलेच. इथला दुकानदार माल ओरिजिनल आहे की डुप्लिकेट, या वादात शिरत नाही. चालतो की नाही, हे विचारतो. म्हणून टेपचे हसणे खोटे आहे एवढ्यावर आमचे भागत नाही. खोटे तर ते आहेच. ते कशासाठी चालते, हा प्रश्न आहे.

कोरियाच्या युद्धातल्या लष्करी इस्पितळावर ‘मॅश’ नावाची एक मालिका अमेरिकेत १९७२ ते १९८३ चालली. बनवणाऱ्यांना हशा नको होता, वाहिनीला हवा होता. तडजोड अशी झाली की हशा राहील, पण शस्त्रक्रियेच्या खोलीत कोणी हसणार नाही. इंग्लंडमध्ये बीबीसीने तीच मालिका बहुतेक हशाशिवाय दाखवली आणि तिथल्या लोकांनाही ती आवडली. बाजींच्या बाजूने याहून मोठा पुरावा नको. विनोद चांगला असेल तर त्याला टेप लागत नाही, हे आम्हीही मान्य करतो. पण त्या तडजोडीकडे आमचे लक्ष जास्त जाते. समोर माणूस कापलेला असताना हसायचे नसते, हे पेटीवाल्यांनाही कळले होते. आमच्या वर्गात ते आम्हाला कळायला वेळ लागला. त्याआधी दादीबद्दल सांगायला हवे.

बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, बॅरेकीतली पोरे वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायची. त्या काळात उमर शरीफच्या नाटकांच्या कॅसेटी सगळीकडे फिरत होत्या. ‘बकरा किस्तों पे’ हे कराचीत रंगमंचावर झालेले नाटक, १९८९चे. आमच्यापर्यंत आली ती प्रतीची प्रत, तिचीही प्रत. चित्र थरथरायचे, चेहरे निळे-हिरवे व्हायचे, अर्धे शब्द खरखरीत बुडायचे. हशा तेवढा खणखणीत. हा हशा कुठल्या पेटीतला नव्हता. तिकीट काढून आलेल्या माणसांचा होता. उमर शरीफ कधी कधी एखादे वाक्य बोलून त्या अंधारातल्या लोकांकडे नुसता बघायचा, आणि लोक पुन्हा हसायचे.

दादी आमच्या खोलीत येऊन दाराजवळ बसायची. ती मूळची कराचीची; परकरी वयात आईबापांबरोबर बोटीने मुंबईला आली. नाटकातले विनोद तिला कळत होते की नाही, सांगता येत नाही. ती पडद्याकडे फारशी बघायचीच नाही. हशा झाला की मान किंचित वाकडी करून ऐकायची. एकदा म्हणाली, “ये मेरे शहर के लोग हँस रहे हैं.” मग अम्मीला विचारले, “हॉल किधर होगा? राम बाग़ के पास?” अम्मीने उगाच हो म्हटले. कराचीतला राम बाग आता आराम बाग या नावाने ओळखला जातो, हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत? त्या संध्याकाळी पोरांनी कॅसेट मागे नेऊन एक प्रसंग पुन्हा लावला, तो तिने हशासाठी लावायला सांगितला होता. उमर शरीफ २ ऑक्टोबर २०२१ रोजी उपचारासाठी अमेरिकेला जाताना वाटेत जर्मनीत वारले. तेव्हा आम्हाला त्यांच्या आधी दादी आठवली. ती जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती.

पण सगळ्या हशाबद्दल आम्ही इतके हळवे नाही. मालिकांत अधूनमधून एक मुसलमान यायचा. शेरवानी, डोळ्यांत सुरमा, तोंडात पान, दर वाक्याला ‘जनाब’ आणि एक शेर. तो दारातून आत आला की टेप हसायची. अजून त्याने तोंड उघडलेले नसायचे. आमच्या घराण्यात शेरवानी लग्नापुरतीच, तीही भाड्याची, आणि शेर म्हणणारा एकही माणूस नाही. तरी आम्ही हसायचो. पडदीपलीकडे हसत होते, मग आपण गप्प बसलो तर लागले असे दिसेल. पुढच्या आठवड्यात ‘वडी साईं’ म्हणणारा कंजूष सिंधी सावकार यायचा. तेव्हा दादीच्या खोलीतूनही हसू यायचे, जरा मोठ्यानेच. आणि धुणीभांडी करणारी बाई दाखवायची असली की ती मराठीच असायची आणि तिची हिंदी मोडकी. तेव्हा कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडातल्या मावशी, ज्या स्वतः चार घरची कामे करीत, पदर तोंडाला लावून हसायच्या. एकेक करून सगळ्या बॅरेकीची पाळी यायची. कोणावर हसायचे ते लांब कुठेतरी ठरलेले असायचे, आणि आम्ही आपापल्या पाळीला उठून उभे राहायचो, हजेरीच्या वेळी मुले उभी राहतात तसे.

आता वर्गाकडे. आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. दोन वर्षांपूर्वी आठवीत एक मुलगा नव्याने दाखल झाला. गोंड्याकडचा. वडील इथे आधीच कामाला होते, त्यांनी कुटुंब आणले. उर्दू त्याची चांगली, मराठी त्याने उभ्या आयुष्यात ऐकलेले नव्हते. जुलैत आम्ही त्याला प्रकट वाचनाला उभे केले. ‘आमची शाळा मोठी आहे’ असे साधे वाक्य. त्याच्या बोलीत ‘श’चा ‘स’ होतो आणि ‘ळ’ तर त्याच्या गावालाच माहीत नाही. त्याने वाचले, “आमची साला मोठी आहे.”

वर्गात खसखस पिकली, पण दबकी. चाळीस मुलांनी एकदम आमच्या तोंडाकडे पाहिले. आणि आम्ही हसलो.

वाक्य खरेच हसण्यासारखे होते, हे आजही कबूल. पण आमचे दात दिसल्याबरोबर जो हशा फुटला तो त्या वाक्याच्या मापाचा नव्हता. बाके वाजली. शेजारच्या वर्गातले सर दारात डोकावून गेले. मुलगा पुस्तकात बोट ठेवून उभा होता. ते बोट त्या ओळीवरून हलले नाही.

दुसऱ्या दिवसापासून निराळाच प्रकार सुरू झाला. त्याचे नाव पुकारले की तो तोंड उघडण्याआधीच मुले हसायची. त्या शेरवानीवाल्यासारखे. आम्ही रागावलो. मग मुले गप्प बसायची, पण खांदे हलायचे. महिनाभराने मुलानेच तोड काढली. तो मुद्दाम चुका करू लागला. ‘केळी’ला ‘केली’, ‘पोळी’ला ‘पोली’, आणि मध्येच थांबून वर्गाकडे बघायचा, हशा ओसरला की पुढचे वाक्य घ्यायचा. थांबण्याची त्याची जागा अगदी अचूक असायची. मुलगा रुळला, असे आम्हाला वाटले. चांगला नकलाकार होईल, असेही आम्ही शिक्षकांच्या खोलीत बोललो.

रात्री घरी अब्बांना हा किस्सा सांगायला घेतला. अम्मी २०१६ मध्ये गेली. तेव्हापासून विनोद पुन्हा सांगायचे काम आमच्याकडे आले आहे. तीस-पस्तीस वर्षे मशीनच्या खडखडाटात बसून अब्बांच्या कानांनी काम सोडले. यंत्र घेऊन दिले आहे. ते लावले की शिटी वाजते, म्हणून ते डबीत असते. तेव्हा किस्सा ओरडून सांगावा लागला.

“क्या बोल्या?”

आम्ही पुन्हा ओरडलो. “आमची साला मोठी आहे!” तिसऱ्यांदा ओरडताना आमच्याच लक्षात आले की यात आता हसण्यासारखे काही उरले नाही. खालून जाणाऱ्या माणसाला वाटले असेल, मास्तर बापाला शिव्या देतो आहे.

अब्बांना कळले. ते खानदेशचे, मराठी त्यांना चांगली येते. हसले नाहीत. थोड्या वेळाने विचारले,

“पहले कौन हँसा?”

आयुष्यभर हशा होऊन गेल्यावर पोहोचलेल्या माणसाने हे विचारावे. आम्ही “बच्चे” म्हणालो. त्यांना ऐकू गेले नाही, किंवा गेलेही असेल. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

त्या रात्री बी.एड.चे वर्ष आठवले. कल्याणला एका मराठी माध्यमाच्या शाळेत आमचा सराव पाठ होता, इतिहासाचा. पाठ टाचण चोख, नकाशा तयार. आम्ही छडी वर करून म्हणालो, “सगळ्यांनी फल्याकडे पाहा.” मागच्या बाकावरून कोणीतरी “फल्या!” म्हणाले आणि वर्ग हसला. मुलांचे आम्हाला काही वाटले नाही. पण शेवटच्या बाकावर निरीक्षणाला बसलेल्यांनी वही तोंडापुढे धरली, ती दिसली. त्यानंतर कित्येक महिने आम्ही विठ्ठलवाडी स्टेशनच्या फलाटावर लोकलची वाट बघत ‘फळा, काळा, बाळा, मळा’ पुटपुटत उभे असायचो. शेजारचे लोक जरा अंतर राखून उभे राहत. ‘ळ’ आला शेवटी. पण त्या मुलाच्या वेळी तो फलाट आठवला नाही, आठवायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या तासाला आम्ही पुस्तक बाजूला ठेवले आणि ‘फल्या’ची गोष्ट सांगितली. छडी, नकाशा, फलाटावरची माणसे, सगळे. वही मात्र सांगितली नाही. मुले पोट धरून हसली. मास्तरांवर हसण्याची संधी रोज मिळत नाही. तो मुलगा हसला की नाही, ते पाहिले नाही. त्या बाजूला बघायचे धाडस झाले नाही. मग रोज तासाच्या सुरुवातीला दोन मिनिटे सगळ्या वर्गाने ‘ळ’ म्हणायचा, असे ठरवले. चाळीस मुले जीभ मागे वळवून एकदम ‘ळ’ म्हणू लागली की काय आवाज होतो तो ऐकण्यासारखा आहे.

मुलगा आता दहावीत आहे. त्याच्या नकला थांबल्या. वाचायला उभा राहतो, भराभर वाचतो, बसतो. ‘शाळा’ त्याला अजून नीट येत नाही आणि मागच्या बाकावर कोणाचा तरी खांदा अजून हलतो. आम्ही वाचन चालू असताना खिडकीबाहेर बघायला शिकलो आहोत. मुलांना आमच्या चेहऱ्यावर काही सापडत नाही.

गणिताच्या सरांचा मुद्दा राहिलाच. हल्ली मालिकांतून ती जुनी टेप गेली. २००५ मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ आले आणि हसण्याचे काम परीक्षकांच्या खुर्चीकडे गेले. नवज्योतसिंग सिद्धूंचे ते टेबलावर हात आपटून हसणे. त्या दिवसांत आमच्याकडे भारनियमन होते. अहसान कुरेशी आपल्या संथ, निर्विकार आवाजात किस्सा रंगवत आणायचे, आता शेवटचे वाक्य येणार, आणि वीज जायची. सगळी बॅरेक एकदम “अर्रर्र” करायची. मग अंधारात जो तो आपापला शेवट लावायचा.

आता बॅरेक नाही. तिच्या जागी चार मजल्यांची इमारत आहे आणि भिंती स्लॅबपर्यंत गेल्या आहेत. शेजारी दादीची सून राहते. रात्री जेवणानंतर अब्बांसाठी मोबाईलवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ लावून देतो. २०१८ मध्ये सोनी मराठीवर सुरू झालेला हा कार्यक्रम त्यांचा आवडता. ऐकू काहीच येत नाही, म्हणून ते आवाज बंदच ठेवतात. रंगमंचावर काय चालले आहे तिकडे त्यांचे अर्धेच लक्ष असते. ते वाट बघतात ती परीक्षकांची. प्रसाद ओक मागे रेलून हसले, सई ताम्हणकरने तोंडावर हात घेतला की अब्बांना कळते, झाले काहीतरी. त्यांचा उजवा पाय जमिनीवर किंचित उचलला जातो. खाली आता पायडल नाही. मान वर करून ते आमच्याकडे बघतात.

“क्या बोल्या?”

परवा असेच झाले. आम्ही वह्या तपासत होतो, आमचेही लक्ष नव्हते. मोबाईल मागे नेऊन तो प्रसंग पुन्हा ऐकला आणि मग त्यांच्या कानाशी वाकून ओरडलो. अर्धे विसरलो होतो, तेवढे पदरचे घातले. ते हसले. इतके हसले की ठसका लागला, पाणी द्यावे लागले.

दारावर थाप पडली. दादीची सून होती, हातात अर्धे निवडलेल्या मेथीची परात.

“मास्टरजी, क्या हुआ? इतना क्या चिल्ला रहे थे?”

मग तिला पहिल्यापासून सांगायला घेतले.